पाठवलेल्या ई-मेलची प्रत आणि तिची स्वतंत्र मार्गिका

ठाणे आणि दिवा या स्थानकांदरम्यानच्या पाचव्या व सहाव्या रेल्वे मार्गिकांचे लोकार्पण 18 फेब्रुवारी 2022 रोजी झाले. तोपर्यंत या पट्ट्यात मेल-एक्स्प्रेस गाड्या आणि जलद लोकल एकाच रुळांवरून धावत आणि एक अडली की मागची खोळंबत असे. कळवा व मुंब्रा येथे थांबणाऱ्या धीम्या लोकलचा मार्ग मात्र आधीपासूनच वेगळा होता. एका कामाच्या थांब्यामुळे दुसरे काम अडू नये, म्हणून दोहोंच्या वाटा वेगळ्या करण्याच्या याच युक्तीला संगणकाच्या जगात ‘असिंक्रोनस’ पद्धत म्हणतात आणि ई-मेलची प्रत जपून ठेवण्याच्या साध्या वाटणाऱ्या कामात तिचे गुणदोष स्पष्ट दिसतात.

ई-मेल पाठवणे आणि त्याची प्रत ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये ठेवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एसएमटीपी या 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केलेल्या नियमावलीने होते, जी टपाल पुढे पोहोचवते पण प्रत राखण्याची जबाबदारी घेत नाही. दुसरे काम आयमॅप या नियमावलीने होते, जिची मूळ रचना मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. स्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक कामे क्रमाने उरकणारा छोटा प्रोग्रॅम, ही दोन्ही कामे एकापाठोपाठ करू लागली, तर सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासाठी ती ताटकळते; असिंक्रोनस पद्धतीत ती विनंती पाठवून पुढच्या पत्राकडे वळते आणि उत्तर आले की सोडलेला धागा पुन्हा उचलते.

आयमॅपमधील ‘अपेंड’ ही आज्ञा या कामाच्या केंद्रस्थानी आहे. तिच्यात फोल्डरचे नाव, हवी असल्यास ‘वाचलेले’ अशी खूण आणि पत्राचा आकार बाइटमध्ये आधी सांगावा लागतो. सर्व्हरने अधिकचे चिन्ह पाठवून होकार दिला की मगच पत्र रवाना होते. येथे मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण बाइट म्हणजे अक्षर नव्हे. ‘कळवा’ या शब्दात काना धरून चार संकेतचिन्हे आहेत, परंतु यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत त्यांचे बारा बाइट होतात, आणि टपालासाठी बेस-64 रूपात बांधल्यावर सोळा. स्क्रिप्टने बाराऐवजी चार हा आकडा कळवला, तर सर्व्हर चार बाइट घेऊन पत्र संपले असे मानतो आणि उरलेल्या मजकुराला नवी आज्ञा समजून चूक दाखवतो.

प्रत अर्धवट साठवली जाण्याची भीती मात्र नाही. मार्च 2003 च्या आरएफसी 3501 या प्रमाण दस्तऐवजानुसार ‘अपेंड’ फसल्यास फोल्डर पूर्वस्थितीत आणणे सर्व्हरवर बंधनकारक आहे. खरी अडचण वेगळीच आहे: प्रत ठेवली गेली, पण तसा निरोप येण्याआधीच जोडणी तुटली, तर स्क्रिप्टला काहीच कळत नाही आणि पुन्हा प्रयत्न केल्यास एकाच पत्राच्या दोन प्रती होतात. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक पत्राच्या शीर्षभागातील ‘मेसेज-आयडी’ या ओळखक्रमांकाने फोल्डरमध्ये आधी शोध घेणे.

‘मागून सावकाश ठेवू’ म्हणून प्रत केवळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवणे हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा होय, कारण स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर पत्र गेलेले असते आणि त्याचा पुरावा उरत नाही. पत्र आधी डिस्कवरील रांगेत लिहावे आणि सर्व्हरने ‘ओके’ म्हटल्यावरच ते रांगेतून काढावे. जीमेलसारख्या काही सेवा आपल्यामार्फत पाठवलेल्या पत्राची प्रत आपण होऊनच ठेवतात. तेथे ही सारी खटपट केली, तर फोल्डरमध्ये तेच पत्र दोनदा दिसण्याचा संभव असतो.