हात न लावताही वीज भाजते

वीज म्हटली की आपल्याला शॉक आठवतो. पॅनेल रूमच्या भिंतीवरही शॉकच्या प्रथमोपचारांचाच तक्ता असतो. परंतु तारेला स्पर्श न होताही वीज माणसाला गंभीर भाजू शकते. वायरमन मंडळी ज्याला ‘फ्लॅश’ म्हणतात, तो हा प्रकार. तळोजा औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या पनवेलकरांनी तो समजून घ्यायला हवा.

दोन फेजमध्ये पाना पडला, पाल वा उंदीर शिरला किंवा ओलसर धूळ साचली, की मधल्या हवेतूनच वीज वाहू लागते. या आर्कचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा आहे! तांब्याची वाफ होऊन स्फोट होतो. त्वचा, डोळे, कान व फुप्फुसे यांना इजा होते. ४४० व्होल्टच्या पॅनेलमध्येही हे घडते. पायाखालची रबरी मॅट शॉकपासून वाचवते, या भडक्यापासून नाही.

खरा उपाय एकच : आधी लाईन बंद करावी, स्विचला कुलूप लावावे, टेस्टरने खात्री करावी आणि मगच पॅनेल उघडावे. उत्पादन थांबेल म्हणून चालू लाईनवर काम करू नये. आपल्याकडची हवा दमट. म्हणून पावसाळ्यापूर्वी सप्लाय बंद ठेवून पॅनेलची सफाई करावी, सैल जोड आवळावेत, केबलची भोके बुजवावीत. करकर आवाज, जळका वास किंवा काळे डाग दिसल्यास दुर्लक्ष करू नये. स्विच टाकताना दारासमोर न थांबता बाजूला उभे राहावे. टेरिकॉट, नायलॉनचे कपडे वितळून अंगाला चिकटतात, ते टाळावेत. ठरवून दिलेले आर्करोधक कपडे व चेहऱ्याचे कवच वापरावे. घरचा फ्यूज गेला म्हणून रस्त्यावरील डीपी स्वतः उघडू नये, महावितरणला कळवावे.

अपघात झालाच, तर आधी सप्लाय बंद करावा. कपडे पेटले असल्यास जमिनीवर लोळवावे. अंगठी, घड्याळ काढावे. चिकटलेले कपडे ओढू नयेत. भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे पाणी सोडावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये. स्वच्छ कापड झाकून १०८ ला फोन करावा. भाजलेल्यांसाठीचे नॅशनल बर्न्स सेंटर जवळच ऐरोलीत आहे. जखम किरकोळ वाटली तरी डोळे व छाती तपासून घ्यावी.

बंद पडलेले मशीन तासाभराने सुरू होते; गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.