दोंडाईचात उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार, पारा 43 च्या वर. अंगणात पत्र्याखाली उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावायची सोय नाही. टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. आणि स्टिअरिंगखाली खोचलेली काडेपेटीएवढी स्कॅनरची डबी मोबाइलला कळवते आहे, की इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान उणे 40 अंश सेल्सिअस आहे.

उणे चाळीस हा तसा गमतीचा आकडा. सेल्सिअस आणि फॅरनहाइट तिथे एकमेकांना भेटतात. पण दोंडाईचात त्यांच्या भेटीचं काही कारण नव्हतं. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक छोटा रेझिस्टर. गारव्यात त्याचा रोध वाढतो, उष्म्यात घटतो. गाडीच्या संगणकाला हवा कळत नाही, त्याला फक्त तो रोध कळतो. वायर तुटली की रोध अनंत, आणि अनंत रोध म्हणजे त्याच्या लेखी अतोनात थंडी. तापमान कळवायची जी ठरलेली रीत आहे तिच्यात खऱ्या आकड्यात 40 मिळवून तो एका बाइटात बसवतात, म्हणून खाली जायची हद्दच उणे 40. सोबत कोड उमटला होता: पी 0113. हवेच्या तापमानाचा सेन्सर, सर्किटचा संकेत मर्यादेच्या वर.

कोड वाचून सेन्सर बदलला असता तर पैसे गेले असते आणि उणे चाळीस जागच्या जागी राहिले असते. सेन्सर धडधाकट होता. कपलरपासून चार बोटांवर उंदरानं वायर कुरतडली होती. शेजारी धान्याची कोठी असली की बॉनेटखालची ऊब उंदरांना घरासारखी वाटते, हे आमच्याकडे नवीन नाही. थोडक्यात, अहिराणीत सांगायचं तर, हे मशीन चुगली करस, न्याय करत नही. कोण तक्रार करतंय ते सांगतं. दोषी कोण, ते आपण शोधायचं.

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, लाल मिरचीचा मोठा बाजार, स्टार्चचा कारखाना. गॅरेजं भरपूर आणि मिस्तरी हुशार. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांत त्यांचा हात धरणारा विरळा. पण गाडी नवी असली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की वाट नंदुरबारची किंवा धुळ्याची धरावी लागते. नंदुरबार पस्तीसेक किलोमीटर, धुळं साठाच्या आसपास. नुसता दिवा का लागला एवढं कळायला अख्खा दिवस जातो. घरी स्कॅनर ठेवावा असं वाटायला लागतं ते इथूनच.

पूर्वी हे काम मिस्तरीच्या कानानं व्हायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं पातं इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारं एमपीएफआय आलं तेव्हा मारुतीच्या गाड्यांत एक मधला टप्पा होता. निदानाच्या कपलरमधल्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडायचा आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचं. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड 12: सगळं ठीक. तारायंत्रावरच्या बाबूसारखं बसून दिव्याची उघडझाप लिहून घेणारे मिस्तरी अजून भेटतात. त्यांना स्कॅनरचं कौतुक कमी, आणि ते बरोबरही आहे.

हे यंत्र मुळात घरच्या दुरुस्तीसाठी जन्मलंच नाही. जन्म झाला तो धुरापायी. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला वैतागलेल्या कॅलिफोर्नियानं 1988 च्या मॉडेलांपासून सक्ती केली, की धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनं स्वतः ते ओळखून दिवा लावला पाहिजे. मग प्रत्येक कंपनीचा कपलर वेगळा, कोड वेगळा, असा गोंधळ माजला. तो मिटवायला या स्वयंनिदानाच्या पद्धतीची (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, ओबीडी) दुसरी आवृत्ती आली, ओबीडी-2, आणि 1996 च्या मॉडेलांपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एकच आकार ठरला: सोळा घरांचा, एका बाजूनं निमुळता कपलर. 4 आणि 5 नंबरच्या घरांत अर्थिंग, 16 मध्ये बॅटरीचा कायमचा करंट, 6 आणि 14 मध्ये कॅन नावाच्या जोडवायरीची टोकं, 7 मध्ये जुन्या पद्धतीची के-लाइन. युरोपनं 2001 पासून पेट्रोल गाड्यांना ही पद्धत लावली. आपल्याकडे भारत स्टेज-4 (बीएस-4) या धुराच्या नियमांबरोबर 1 एप्रिल 2010 ला पहिली आवृत्ती आणि 1 एप्रिल 2013 ला दुसरी.

स्वस्त स्कॅनरच्या सगळ्या मर्यादा या जन्मकथेत आहेत. कायद्यानं कंपन्यांना सर्वांसाठी खुली ठेवायला लावली ती फक्त धुराशी संबंधित माहिती, म्हणजे इंजिनाची. ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, दारांची कुलपं यांची भाषा ज्या-त्या कंपनीची खासगी राहिली. सातशे रुपयांची डबी एबीएसचा दिवा का लागला हे सांगत नाही म्हणून तिला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तिला ती भाषाच येत नाही.

म्हणून स्कॅनर घ्यायचा तर दुकानाआधी आरसी बुक उघडावं. आमच्या भागात एक गोम आहे. भारत स्टेज-4 आधी मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक 13 शहरांत आला आणि देशभर सक्तीचा झाला तो 1 एप्रिल 2017 पासून. त्यामुळे मधल्या वर्षांतली गाडी, मॉडेल तेच असलं तरी, खान्देशात बीएस-3 म्हणून नोंदलेली असू शकते. तिच्यात सोळा घरांचा कपलर दिसतोही, पण पलीकडून उत्तर येईल याची खात्री नाही. कपलर दिसला म्हणून पैसे मोजू नयेत. ओळखीतल्या कुणाची डबी आधी लावून बघावी. 2017 नंतरच्या गाडीला ही चिंता नाही.

आता डब्यांविषयी. सर्वांत खालच्या पायरीवर ब्लूटूथची डबी, काही शे रुपयांपासून हजार-दोन हजारांपर्यंत. तिच्यावर बहुधा ईएलएम 327 असं छापलेलं असतं. ही मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीची चिप. गाडीची भाषा साध्या अक्षरांत उतरवून देणारी दुभाषी. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम कुलूपबंद केलेला नव्हता. तो उचलला गेला आणि जगभर नकला पसरल्या. गंमत अशी, की बाजारात ढिगानं मिळणाऱ्या डब्यांवर ‘आवृत्ती 1.5’ लिहिलेलं असतं, आणि मूळ कंपनीनं 1.5 कधी काढलीच नव्हती, 1.4 नंतर थेट 2.0. मूळ कंपनी 2022 मध्ये बंद पडली, नकला जोरात आहेत. नक्कल म्हणजे टाकाऊच असं नाही. साध्या पेट्रोल गाडीचे कोड ती नीट वाचते. पण कित्येक नकलांना सगळ्या आज्ञा कळत नाहीत, आणि कळल्या नाहीत तरी त्या तसं कबूल करत नाहीत. आयफोनवाल्यांनी आणखी एक पाहावं: जुन्या धाटणीच्या ब्लूटूथची डबी आयफोनशी बोलत नाही, वाय-फायची किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथची लागते.

वरची पायरी स्वतःचा छोटा पडदा असलेल्या हातयंत्राची. मोबाइल नको, ॲप नको, जोडणीची कटकट नको. वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायला हे बरं. त्याही वर लाँच, ऑटेल, बॉश यांची गॅरेजवाल्यांची यंत्रं. काहींची किंमत मोटरसायकलच्या घरात, आणि वर दरवर्षी अपडेटचे पैसे. त्या वाटेला घरच्या माणसानं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला अपवाद एकच, बीएस-6 डिझेल गाडी. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारी गाळणी असते, डीपीएफ. घर ते बाजार, बाजार ते स्टेशन एवढंच फिरवलं तर ती काजळी जाळून टाकण्याइतकी तापतच नाही आणि तुंबते. गाळणीत किती काजळी साठली हा आकडा साध्या डबीत सहसा दिसत नाही. त्या कंपनीच्या गाडीची भाषा येणारं यंत्र किंवा ॲप लागतं. काही यंत्रांत उभ्या गाडीची गाळणी मुद्दाम जाळून साफ करायची सोय असते. ती वापरताना सायलेन्सर भयंकर तापतो. खळ्यात, पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर हे करणाऱ्यानं आधी पाण्याचा टँकर बोलावून ठेवावा. त्यापेक्षा दिवा नुकताच लागला असेल तर एका वेगानं धुळ्याला चक्कर मारून यावी, बऱ्याचदा काम तेवढ्यात भागतं.

आणि कोणताही स्कॅनर घ्या, त्याच्याबरोबर तीन-चारशे रुपयांचं मल्टिमीटर घ्या. स्कॅनर आरोप करतो, पुरावा मल्टिमीटर देतं. माझ्या उंदरानं तोडलेली वायर शेवटी त्यावरच सापडली.

निवडताना लोक विचारतात, कोड किती वाचतो? हा प्रश्न चुकीचा. कोड सगळेच वाचतात. चालत्या इंजिनाचे आकडे किती वेगानं आणि किती एकत्र दाखवतो, हे बघायचं. उदाहरण पी 0171 चं: हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय. कोड एवढंच म्हणतो. मग इंधनाची दुरुस्ती दाखवणारे दोन आकडे उघडायचे, तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची. दहा टक्क्यांच्या आतबाहेर असेल तर चालायचंच. गाडी जागेवर हळू चालू असताना आकडा वीसच्या वर, आणि 2500 फेऱ्यांची रेस दिली की खाली आला, तर कुठेतरी चोरून हवा शिरते आहे. आमच्या उन्हात तडकलेली रबरी नळी हा पहिला संशयित. उलट, जोर पडेल तसा आकडा वाढत गेला तर पंप, फिल्टर, इंधनाचा दाब यांच्याकडे वळायचं. सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर हे दोन्ही इंधनांवर वेगवेगळं पाहायचं. पेट्रोलवर आकडे शहाण्यासारखे आणि गॅसवर सुटलेले, तर इंजिनाचा काही दोष नाही, किटचं ट्यूनिंग राहिलंय. कोड तोच, पण वाटा तीन.

कोड पुसायचं बटण मात्र शेवटी दाबावं. ते दाबल्यावर दिवा विझतो आणि त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी टिपलेलं चित्रही जातं: तेव्हा वेग किती, इंजिन किती तापलेलं, भार किती. आधी कागदावर उतरवून घ्यावं. आणि तो पिवळा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर स्कॅनरच्या नादी न लागता गाडी बाजूला घ्यावी. इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची राख करतंय, असा त्याचा अर्थ.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर माहीत आहे. तिथला जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, भोवरे बघतो, चाल बघतो आणि मगच किमतीचं बोलतो. जुनी मोटार घेताना दात बघायची सोय या डबीनं केली आहे. विकणाऱ्यानं सकाळीच कोड पुसून दिवा घालवला असेल तर गाडी वरून निर्मळ दिसते. पण संगणक काही आत्मपरीक्षणं करत असतो, कन्व्हर्टरचं, ऑक्सिजन सेन्सरचं, आणि पुसल्यावर ती सगळी ‘अपूर्ण’ होतात. पुरी व्हायला काही दिवसांचं तऱ्हेतऱ्हेचं चालवणं लागतं. शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्या सांगतात. साठ हजार किलोमीटर फिरलेली गाडी म्हणते, पुसून बाराच किलोमीटर झाले. विकणारा म्हणेल, बॅटरी बदलली. असेलही, बॅटरी काढल्यावरही कित्येक गाड्यांत असंच होतं. मग आठ दिवसांनी पुन्हा यायचं आणि पुन्हा बघायचं.

डबी गाडीत कायमची लावून ठेवायचा मोह होतो. सोळा नंबरच्या घरात चावी काढल्यावरही करंट असतो. अशी डबी 50 मिलिअँपिअर खात बसली तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 ची. लग्नसराईत पंधरा दिवस गावाला जाऊन आलं की गाडी सेल्फ मारत नाही, आणि मग त्याचा कोड बघायला तीच डबी हातात घ्यावी लागते.

माझी डबी आता फार वेळ घरात नसतेच. उन्हाळ्यात शेवयांचं यंत्र जसं या ओट्यावरून त्या ओट्यावर जातं, तशी ती गल्लीत फिरते. ‘गाडीले काय व्हयनं’ असं कुणी म्हटलं की पोरगं डबी न्यायला येतं. परवा परत आली तेव्हा सात नंबरची पिन वाकलेली होती. माझ्या गाडीला ती लागत नाही, तिचं बोलणं सहा आणि चौदावर चालतं, म्हणून मला पत्ताच लागला नाही. पत्ता लागला तो पलीकडच्या काकांना. त्यांची जुनी गाडी के-लाइनची. तासभर चावी फिरवून झाल्यावर ते डबी हातात घेऊन आले आणि म्हणाले, गाडी गप्प बसली आहे. आम्ही दोघांनी चिमट्यानं पिन सरळ केली.