गॉथिक अद्भुतकथा : भयाच्या सावलीतले प्रेम

होरेस वॉलपोल यांची १७६४ साली प्रसिद्ध झालेली ‘द कॅसल ऑफ ऑट्रांटो’ ही पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते. जुनी वास्तू, घराण्याने दडवलेले पाप आणि अतिमानवी शक्तींचे सावट यांवर उभी राहणारी भयकथा म्हणजे गॉथिक कथा. या कादंबरीच्या आरंभीच एक अवाढव्य शिरस्त्राण किल्ल्याच्या अंगणात कोसळते आणि ऐन लग्नाच्या दिवशी राजपुत्राचा जीव घेते.

पुढे शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) वरच्या मजल्यावरून येणारे गूढ हास्य आणि वाड्याचा मालक रॉचेस्टर याच्याविषयी नायिका जेनला वाटणारी ओढ ही दोन्ही एकाच घरात वाढत गेल्याने, त्या घराचे रहस्य उलगडणे म्हणजेच प्रिय व्यक्तीला खऱ्या अर्थाने ओळखणे ठरले.

सिल्विया मोरेनो-गार्सिया यांनी ‘मेक्सिकन गॉथिक’मध्ये (२०२०) हीच परंपरा १९५० च्या दशकातील मेक्सिकोत नेली असून, तेथे चांदीच्या खाणीवर गबर झालेल्या इंग्रज कुटुंबाच्या वाड्यात भिंतींत पसरलेली बुरशी मृतांच्या स्मृती जपते आणि वसाहतवादी शोषणाला प्रत्यक्ष देह लाभतो. तरीही नायिका नोएमी आणि त्याच कुटुंबातील तरुण फ्रान्सिस यांच्यातील संकोची, हळुवार जवळीक त्या कोंदट वातावरणात वाचकाला श्वास घेऊ देते.

या साहित्यप्रकाराचे खरे सामर्थ्य भय आणि प्रेम यांच्या याच मिलाफात आहे, कारण गमावण्याजोगे काही असल्याशिवाय भीती खोलवर रुजत नाही आणि भीतीची कसोटी लागल्याशिवाय प्रेमाचे मोल कळत नाही.