गिबोनी लोक

गिबोनी लोक हा प्राचीन कनान देशातील एक लहान लोकसमूह होता. ते वंशाने इस्राएली नव्हते. परंतु शपथपूर्वक झालेल्या करारामुळे त्यांना इस्राएल लोकांमध्ये राहण्याची मुभा मिळाली. गिबोन हे त्यांचे मुख्य नगर होते व कफीरा, बैरोथ आणि किर्याथ-यारीम ही अन्य तीन नगरे त्यांच्याकडे होती. त्यांच्याविषयीची जवळजवळ सर्व लिखित माहिती हिब्रू बायबलमधून मिळते. यहोशवाच्या पुस्तकात त्यांना हिव्वी म्हटले आहे, तर शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ते अमोऱ्यांपैकी उरलेले लोक असल्याचे सांगितले आहे. ‘अमोरी’ हा शब्द कनानच्या मूळ रहिवाशांसाठी सरसकटही वापरला जात असे, त्यामुळे ही विसंगती दिसते तितकी मोठी नाही.

करार

यहोशवाच्या पुस्तकातील नवव्या अध्यायानुसार, यरीहो व आय या नगरांचा पाडाव झाल्याचे ऐकून गिबोनींनी आपले वकील गिलगाल येथील इस्राएली छावणीत पाठविले. त्यांनी ठिगळे लावलेले जोडे घातले होते आणि सोबत बुरसलेल्या भाकरी व फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले घेतले होते. आपण फार दूरच्या देशातून आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. या सोंगामागे नेमके कारण होते. अनुवादाच्या पुस्तकातील युद्धनियमांप्रमाणे दूरच्या नगरांशी तह करता येत असे. कनानमधील नगरांना मात्र ती सवलत नव्हती. यहोशवाने तह केला आणि सरदारांनी शपथ वाहिली. तीन दिवसांनी हे लोक शेजारचेच असल्याचे उघड झाले.

लोकांनी कुरकुर केली, तरी सरदारांनी शपथ मोडण्यास नकार दिला. फसवणुकीने मिळविलेली शपथही बंधनकारक ठरते, हा या कथेचा गाभा आहे. गिबोनींना जीवदान मिळाले. पण मंडळीसाठी व देवाच्या वेदीसाठी लाकूडतोडे आणि पाणके म्हणून राबण्याचे काम त्यांच्यावर कायमचे लादण्यात आले. कराराची कसोटी लगेच लागली. यरुशलेमचा राजा अदोनीसदेक याने चार राजांसह गिबोनवर चढाई केली, तेव्हा गिबोनींनी यहोशवाला बोलावले व तो त्यांच्या रक्षणासाठी धावून गेला. सूर्य थांबल्याचा सुप्रसिद्ध उल्लेख याच लढाईच्या वर्णनात येतो. गिबोनच्या संदर्भात कोठेही राजाचा उल्लेख नाही. निर्णय वडीलधारे घेतात, ही बाब लक्षणीय आहे.

शौल व दावीद यांच्या काळात

शौल राजाने इस्राएल व यहूदा यांच्याविषयीच्या आवेशापोटी गिबोनींचा संहार करण्याचा प्रयत्न केला, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे. खुद्द शौलाच्या चरित्रात या घटनेची नोंद नाही. पुढे दावीदाच्या कारकिर्दीत सलग तीन वर्षे दुष्काळ पडला आणि त्याचे कारण हा रक्तपात असल्याचे दैवी उत्तर मिळाले. दावीदाने भरपाई विचारली असता गिबोनींनी सोनेरूपे नाकारले व शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले. दावीदाने योनाथानाला दिलेल्या शपथेमुळे त्याचा पुत्र मफीबोशेथ वाचला. शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन पुत्र आणि शौलाच्या मुलीचे पाच पुत्र यांना गिबोनींच्या हवाली करण्यात आले व त्यांना ठार मारण्यात आले. सातूच्या हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून प्रेतांची राखण करीत राहिली. दिवसा पक्ष्यांना व रात्री श्वापदांना तिने जवळ येऊ दिले नाही. हे कळल्यावर दावीदाने शौल व योनाथान यांच्या अस्थी आणवून कीशाच्या कबरीत पुरल्या आणि या सात जणांच्या अस्थीही गोळा करविल्या. या प्रसंगात न्याय कोणाच्या बाजूने आहे, याविषयी भाष्यकारांचे एकमत नाही. शौलाच्या घराण्याचे प्रतिस्पर्धी दूर करणे दावीदाच्या सोयीचे होते, याकडे अनेक आधुनिक अभ्यासक बोट दाखवितात.

सर्व गिबोनी हलक्या कामांतच राहिले असे नाही. दावीदाच्या निवडक वीरांत इश्माया गिबोनी याचे नाव आहे. बाबेलमधील बंदिवासानंतर यरुशलेमचा कोट दुरुस्त करणाऱ्यांत मलत्या गिबोनी होता, आणि नहेम्याच्या यादीत गिबोनचे ९५ पुरुष परतल्याची नोंद आहे. या उत्तरकालीन उल्लेखांत ‘गिबोनी’ म्हणजे मूळ वंशातील मनुष्य की केवळ गिबोनचा रहिवासी, हे शब्दावरून ठरविता येत नाही.

रब्बींच्या परंपरेने मंदिरसेवक ‘नथीनीम’ यांना गिबोनींचे वंशज मानले. नथीनीम म्हणजे ‘दिलेले’. यहोशवाने गिबोनींना कामावर नेमले, त्या वाक्यातील क्रियापदही याच धातूचे आहे. मिश्नामध्ये नथीनीमांशी इस्राएलींचा विवाह कायमचा निषिद्ध ठरविला आहे. तालमूदमध्ये ही बंदी दावीदाने घातल्याचे सांगून, दया हे इस्राएलचे लक्षण असून गिबोनींकडे ते नव्हते, असे कारण दिले आहे.

उत्खनन

यरुशलेमच्या वायव्येस सुमारे ९ किलोमीटरवरील अल-जीब हे गाव म्हणजे प्राचीन गिबोन, हे एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ मध्ये सुचविले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ ते १९६२ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा ‘गिबोन’ हे नाव कोरलेल्या मडक्यांच्या मुठी सापडल्या व ही ओळख पक्की झाली. खडकात खोदलेली, सुमारे ११.८ मीटर व्यासाची विहीर आणि तिच्या कडेने पाण्यापर्यंत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या हा तेथील सर्वांत मोठा शोध होय. ज्यांना पाणके ठरविले त्यांच्या नगराची ओळख आज प्रामुख्याने पाण्याच्या या व्यवस्थेमुळे आहे. मात्र तिचे बांधकाम लोहयुगातील, म्हणजे यहोशवाच्या कथेनंतरचे मानले जाते. द्राक्षारस साठविण्याची ६३ तळघरेही येथे आढळली. उत्तर कांस्ययुगातील काही कबरी मिळाल्या, पण त्या काळातील मोठ्या तटबंद नगराचे अवशेष मिळाले नाहीत. त्यामुळे कराराची कथा नंतरच्या काळातील गिबोनींचे स्थान स्पष्ट करण्यासाठी रचली गेली असावी, असे मत अनेक अभ्यासक मांडतात.