जठरीय जंतूंची उग्रताजनुके

मानवी जठराच्या श्लेष्मकलेवर (आतील बुळबुळीत अस्तरावर) वाढणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या सर्पिल जंतूच्या ज्या जनुकांमुळे (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकांमुळे) त्याची रोगकारक शक्ती वाढते, त्यांना उग्रताजनुके म्हणतात. बहुसंख्य संक्रामित व्यक्तींना या जंतूपासून आयुष्यभर जाणवण्याजोगा त्रास होत नाही. काहींना मात्र जठरव्रण, आद्यांत्रव्रण (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण) किंवा जठराचा कर्करोग होतो. जंतूच्या निरनिराळ्या वाणांतील जनुकीय भेद हे या तफावतीचे एक कारण होय.

इतिहास : जठरातील तीव्र अम्लात जंतू टिकाव धरू शकत नाहीत व व्रण हे मुख्यतः अम्लाधिक्य आणि मानसिक ताण यांमुळे होतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांना हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढविण्यात यश आले. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे संवर्धन स्वतः प्राशन केले व त्यांना जठरशोथ (जठराची दाहयुक्त सूज) झाला. या दोघांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूचा संपूर्ण जनुकीय अनुक्रम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रमुख जनुके : यूरिएज हे एंझाइम यूरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते व जंतूभोवतीचे अम्ल उदासीन करते. त्याची जनुके जंतूला जठरात वस्ती करण्यासाठी आवश्यक असून ती सर्वसामान्यपणे सर्व वाणांत असतात. याउलट ‘कॅग’ हा सु. ४० हजार बेस जोड्यांचा जनुकसमूह काही वाणांतच असतो. त्याच्या साहाय्याने बनणाऱ्या सुईसारख्या यंत्रणेतून कॅग-ए हे प्रथिन जठराच्या कोशिकांत (पेशींत) शिरते आणि त्यांची वाढ व परस्परांतील बंध यांचे नियंत्रण बिघडविते. व्हॅक-ए हे जनुक जवळजवळ सर्व वाणांत असते. परंतु त्याच्या काही प्रकारांपासून तीव्र विष तयार होते, तर काहींपासून जवळजवळ निरुपद्रवी प्रथिन. या विषामुळे कोशिकांत पोकळ्या निर्माण होतात. बॅब-ए या जनुकापासून बनणारे प्रथिन जंतूला अस्तरास घट्ट चिकटविते.

रोगांशी संबंध : कॅग-ए असलेल्या वाणांमुळे होणारा शोथ अधिक तीव्र असतो आणि व्रण व कर्करोग यांचा धोकाही वाढतो. पूर्व आशियातील वाणांत आढळणारा कॅग-एचा प्रकार कोशिकांतील नियंत्रक प्रथिनाशी अधिक दृढपणे बांधला जातो. तथापि केवळ जनुकांवरून रोगाचे भाकीत करता येत नाही. भारतात या जंतूचे संक्रामण विपुल असून कॅग-ए असलेले वाणही सर्रास आढळतात. तरी जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान व कोरिया यांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. रुग्णाची आनुवंशिकता, खारवलेल्या पदार्थांचे सेवन, धूम्रपान इ. घटकही महत्त्वाचे ठरतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूच्या संक्रामणाचा समावेश निश्चित कर्ककारकांत केला. उपचार ठरविताना उग्रताजनुकांची तपासणी सहसा करीत नाहीत. अम्लस्राव कमी करणारे औषध व दोन किंवा अधिक जंतुनाशके एकत्र देऊन जंतूचे निर्मूलन करतात. त्यामुळे व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण बरेच घटते. औषधांना दाद न देणाऱ्या वाणांचा प्रसार ही त्यातील मोठी अडचण असल्याने उपचारक्रम पूर्ण करणे आवश्यक असते.