अमूर ससाण्याचा प्रवास

मनुष्यानें आगबोटी बांधल्या, विमानें केलीं, आणि आतां आपण हिंवाळ्याच्या देशांतून निघून एका दिवसांत उन्हाळ्याच्या देशांत उतरूं शकतों, याचा आपणांस मोठा अभिमान वाटतो. परंतु तिकीट, शिदोरी व नकाशा यांपैकीं कांहींही जवळ नसतां हाच प्रवास दरवर्षीं करणारा एक लहानसा पक्षी आपल्या महाराष्ट्रावरून जातो, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. या पक्ष्याचें नांव अमूर ससाणा. त्याची हकीकत मनोरंजक आहेच. शिवाय तींत मनुष्याच्या एका लाजिरवाण्या व पुढें एका अभिमानास्पद वर्तनाची कथाही गुंतलेली आहे. म्हणून ती आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

रशिया व चीन या दोन देशांच्या सीमेवरून अमूर नांवाची मोठी नदी वाहते. तिच्या खोऱ्यांत, म्हणजे सैबेरियाचा आग्नेय भाग, ईशान्य चीन व त्यांच्या आसपासचा प्रदेश यांत, या ससाण्याचें माहेर आहे. त्याचें वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या मध्यम आंब्याहून कमीच म्हणावयाचें. नर काळसर राखी रंगाचा असून त्याच्या मांड्या व शेपटीखालचा भाग तांबूस असतो. उडतांना पंखांच्या खालची पांढरी बाजू दिसते, तीवरून तो चटकन ओळखूं येतो. मादीच्या पोटावर काळे ठिपके व पट्टे असतात. पाय दोघांचेही नारिंगी. ससाणा म्हटलें कीं कबुतरांवर झडप घालणारा क्रूर पक्षी आपल्या डोळ्यांपुढें येतो. पण या ससाण्याचें मुख्य अन्न म्हणजे टोळ, चतुर व पंख फुटलेली वाळवी. स्वतःचें घरटें बांधण्याच्या भरीस तो सहसा पडत नाहीं. कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनीं टाकून दिलेल्या घरट्यांत त्याची मादी तीन-चार अंडीं घालते.

आतां कोणी विचारील कीं, असें सुखाचें घर सोडून त्यानें जावें तरी कां? थंडीच्या भीतीनें तो पळतो, असें आपणांस प्रथम वाटतें. परंतु हें उत्तर अपुरें आहे. अंगावर पिसांचें पांघरूण असलेल्या पक्ष्यास थंडी पुष्कळ सोसतां येते. उपास मात्र सोसत नाहीं. जानेवारींत अमूरच्या कांठीं उष्णमान शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरतें, नदी गोठून तिच्यावर बर्फाची जाड लादी बसते, आणि उडता कीटक औषधालाही सांपडत नाहीं. कीटकांवर जगणाऱ्यास तेथें राहणें म्हणजे मरणेंच होय.

मग जावें कोठें? याचें उत्तर भूगोलाच्या पुस्तकांत पहिल्याच धड्यांत आहे. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे. त्यामुळें डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस सूर्य मकरवृत्तावर असतो, आणि उत्तर गोलार्धांत हिंवाळा असतां दक्षिण गोलार्धांत उन्हाळा असतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत याच उन्हाळ्यांत पाऊस पडतो, गवत वाढतें, वाळवीस पंख फुटतात व टोळांचे थवे उठतात. आपल्याकडे मात्र त्या वेळीं पावसाळा संपून रान वाळूं लागलेलें असतें. अर्थात् आमच्या या पाहुण्यास भारतांत मुक्काम न करतां पुढें जावें लागतें. एका वर्षांत दोन उन्हाळे पाहावयाचे आणि हिंवाळा मुळींच पाहावयाचा नाहीं, असा त्याचा बेत असतो. आणि त्यासाठीं जाऊन येऊन वीस हजार किलोमीटरांहून अधिक वाट तो दरवर्षीं तुडवितो.

शरदृतूच्या आरंभीं थवे घर सोडतात. तिबेटचें उंच पठार व हिमालय यांस पूर्वेकडून वळसा घालून ते ऑक्टोबरांत आपल्या देशाच्या ईशान्य भागांत, म्हणजे नागालँड, मणिपूर, आसाम व मेघालय या प्रांतांत, येऊन उतरतात. तेथें पावसाळ्यानंतर पंख फुटलेली वाळवी जमिनींतून लोटानें बाहेर पडते, आणि हे प्रवासी दोन-तीन आठवडे तिच्यावर यथेच्छ ताव मारतात. हा खादाडपणा नव्हे. ही पुढील प्रवासाची शिदोरी आहे. ते जें खातात त्याची चरबी होऊन शरीरांत सांठते. चरबीच्या एका ग्रॅमापासून पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅमापेक्षां दुपटीहून अधिक शक्ति मिळते. शिवाय चरबी शरीरांत जळतांना जवळजवळ तिच्या वजनाइतकें पाणीही तयार होतें. म्हणजे कमी ओझ्यांत अन्न व पाणी या दोहोंची सोय झाली. असा पदार्थ कोणत्याही आगबोटीच्या कोठारांत आढळणार नाहीं!

नोव्हेंबरांत वारा ईशान्येकडून वाहूं लागतो, आणि थवे निघतात. भारत ओलांडतांना ते आपल्या महाराष्ट्रावरून जातात. लोणावळ्याच्या परिसरांत त्या सुमारास पक्षिप्रेमी मंडळी दुर्बिणी घेऊन त्यांची वाट पाहत असतात. त्यापुढें मात्र अरबी समुद्र. आपला किनारा सोडल्यापासून आफ्रिकेंतील सोमालियाचा किनारा लागेपर्यंत सुमारें अडीच हजार किलोमीटर पाणीच पाणी. बसावयास झाड नाहीं, कीं टेकावयास खडक नाहीं. बदकाप्रमाणें या पक्ष्यास पाण्यावर तरंगतां येत नाहीं. पंख थकले तर मरण ठरलेलें. तेव्हां दिवस आणि रात्र न थांबतां उडणें हाच एक मार्ग. पाठीमागून वाहणारा वारा हाच त्याचा सोबती.

वाटेंत त्यास कांहीं खावयास मिळत असेल काय? याविषयीं एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मालदीव बेटांवर ऑक्टोबरपासून चतुरांचे लक्षावधि थवे येऊन पुढें जातात, असें तेथें राहणारे शास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनीं अनेक वर्षें टिपून ठेविलें, आणि हे चतुर भारतांतून समुद्रावरून आफ्रिकेकडे जात असावेत, असें अनुमान त्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें. अमूर ससाणा व चतुर यांची वेळ व दिशा एकच. तेव्हां या प्रवाशाची भोजनशाळाही त्याच्याबरोबर हवेंतूनच चालत असावी, असा तर्क आहे.

२०१३ सालच्या नोव्हेंबरांत नागालँडमध्यें तीन ससाण्यांच्या पाठीवर पांच ग्रॅम वजनाचीं यंत्रें बसविण्यांत आलीं. आकाशांतील उपग्रहांच्या द्वारें तीं यंत्रें पक्ष्याचा ठावठिकाणा कळवीत. त्या तिघांस नागा, वोखा व पांगती अशीं तेथील लोकांचीं व स्थळांचीं नांवें दिलीं होतीं. नागा नांवाच्या पक्ष्यानें नागालँडपासून सोमालियापर्यंतचें पांच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर सहा दिवसांच्या आंत तोडलें, हें कळल्यावर सर्वांनीं तोंडांत बोटें घातलीं. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत पोंचल्यावर हे थवे गांवाजवळच्या उंच निलगिरीच्या झाडांवर हजारोंच्या संख्येनें रात्र काढतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत वारा उलटला कीं पुनः समुद्र ओलांडून घराकडे वळतात.

आतां त्या लाजिरवाण्या गोष्टीकडे वळणें प्राप्त आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यांत दोयांग नदीवर धरण बांधून मोठा जलाशय झालेला आहे. धरणाच्या पाण्याखालीं शेतें गेलीं आणि आसपासच्या गांवांतील कित्येक लोक मासेमारी करूं लागले. त्याच जलाशयाच्या कांठीं ससाण्यांचे थवे रात्रीं उतरत. लोकांनीं झाडांमध्यें मासे धरण्याचीं जाळीं उभीं बांधलीं, आणि पहांटे उडूं पाहणारे पक्षी त्यांत शेंकड्यांनीं अडकूं लागले. २०१२ सालच्या ऑक्टोबरांत हा प्रकार कांहीं निसर्गप्रेमी मंडळींनीं प्रत्यक्ष पाहून जगापुढें मांडला. हंगामाच्या भरांत दररोज बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ज्यास समुद्र अडवूं शकला नाहीं, त्यास दोऱ्याचें जाळें अडवीत होतें!

येथें त्या गांवकऱ्यांस नुसता दोष देणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. तो पक्षी कोठून येतो व कोठें जातो, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. आकाशांतून पडलेलें अन्न व विकून मिळणारे चार पैसे, एवढेंच त्यांच्या दृष्टीस पडे. म्हणून कायद्याच्या धाकाबरोबरच त्यांची समजूत घालण्याचें काम सुरू झालें. अधिकारी, निसर्गप्रेमी, गांवच्या पंचसभा व चर्चचे पुढारी हे सर्व त्यांत पडले. मुलांसाठीं निसर्गमंडळें निघाली, आणि घरोघर त्या चिमुकल्या प्रवाशाची हकीकत पोंचली. पांगती व शेजारच्या गांवांनीं शिकार बंद करण्याचे ठराव केले व मोडणारास दंड ठरविला. परिणाम असा झाला कीं, पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१३ सालीं, जाळीं लागलीं नाहींत. ज्या गांवांनीं पक्षी धरले, त्यांनींच आतां ते राखण्याचें काम अंगावर घेतलें. ज्यांची हंगामाची मिळकत बुडाली त्यांनीं ती सोसली, हें विसरतां कामा नये.

यांत आम्हां विद्यार्थ्यांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे. अमूरकांठचें शेत, नागालँडचें रान, लोणावळ्याचा घाट आणि आफ्रिकेचें गवताळ पठार हीं आपणांस नकाशांत निरनिराळ्या पानांवर दिसतात; त्या पक्ष्यास तें एकच घर आहे. त्या घराची एक खोली जरी कोणीं मोडली, तरी त्याचें सारें घर मोडतें. आणि दुसरें असें कीं, जें काम केवळ धाकानें झालें नसतें, तें ज्ञानानें एका वर्षांत झालें. येत्या नोव्हेंबरांत सकाळीं शाळेस येतांना वाचकांनीं घटकाभर मान वर करून पाहावें. उंच आभाळांत पांढऱ्या बगलेचे कांहीं लहान पक्षी नैर्ऋत्येकडे जातांना दिसले, तर त्यांस मनोमन शुभ प्रवास चिंतावा. कारण त्यांच्यापुढें अजून सगळा समुद्र ओलांडावयाचा असतो.