तळघरातील पाझर आणि भूजलाचे अर्थकारण

पावसाळ्यात तळघराच्या भिंतींना ओल येणे हा सामान्यतः बांधकामाचा दोष मानला जातो आणि त्यावरील उपायही भिंतीपुरताच शोधला जातो. वस्तुतः भिंतीवर केवळ पाणी दिसते. त्याचे मूळ बहुधा बाहेरच्या जमिनीत असते. नेवाळकर घराण्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे असलेले उत्तर प्रदेशातील झाशी हे शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. उन्हाळ्यात पाणीटंचाई आणि पावसाळ्यात तळघरात पाझर, या दोन्ही गोष्टी येथे एकाच घराच्या वाट्याला येऊ शकतात.

खडकाची रचना

झाशी हा बुंदेलखंडातील ग्रॅनाइट खडकाचा प्रदेश आहे. या कठीण खडकात पाणी साठवण्याची क्षमता अत्यल्प असते. भूजल मुख्यतः वरच्या झिजलेल्या, मुरूमयुक्त थरात आणि त्याखालील भेगांमध्ये साठते. हा थर फार जाड नसल्याने जून ते सप्टेंबरच्या पावसात तो लवकर भरतो आणि उन्हाळ्यात लवकर रिकामा होतो. झाशीजवळील परासई-सिंध पाणलोट क्षेत्रात २०११ पासून झालेल्या कामांमुळे विहिरींची पातळी २ ते ५ मीटरने वाढल्याचे आढळले. थोडे पाणी अडवताच पातळी इतकी वर येते, हे या भूस्तराचे वैशिष्ट्य आहे. विहिरीला वरदान ठरणारी ही वाढ तळघराला मात्र त्रासदायक ठरू शकते.

मातीचाही यात वाटा असतो. ‘राकड’ या तांबड्या भरड मातीतून पाणी लवकर निचरते. ‘मार’ ही काळी माती मात्र पाणी दीर्घकाळ धरून ठेवते आणि फुगून भिंतीवर दाब आणते.

निदान प्रथम, उपचार नंतर

ओल तीन प्रकारची असू शकते. पावसाबरोबर वाढणारी व नंतर ओसरणारी ओल भूजलाची किंवा पृष्ठभागावरील पाण्याची असते. बारमाही ओल बहुधा फुटलेल्या जलवाहिनीची वा सांडपाण्याची असते. सर्व नळ बंद ठेवूनही पाण्याचे मीटर फिरत राहिल्यास गळतीची शंका बळावते. तिसरा प्रकार दमट हवेतील बाष्प गार भिंतीवर जमण्याचा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून दोन दिवसांनी पाहावा. थेंब बाहेरच्या बाजूस असल्यास बाष्प आणि आतल्या बाजूस असल्यास पाझर, असा ढोबळ निष्कर्ष काढता येतो.

जलदाब आणि उपायांचा क्रम

एक मीटर उंचीचा जलस्तंभ प्रति चौरस मीटर सुमारे १ टन दाब देतो. बाहेर ३ मीटर पाणी साचल्यास भिंतीच्या तळाशी हा दाब सुमारे ३ टन होतो. म्हणूनच आतून केलेला साधा गिलावा काही काळाने सुटतो. पाणी अडते, परंतु दाब कायम राहतो.

उपायांचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम छताचे पाणी पन्हळीने पायापासून दूर न्यावे आणि अंगणाला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा. त्यानंतर पायालगत चर खणून त्यात खडी व सच्छिद्र नळी घालावी. शक्य असल्यास भिंतीला बाहेरून जलरोधक अस्तर द्यावे. आतील लेप आणि पंप हे शेवटचे पर्याय होत. तळघर पाण्याने भरले असल्यास प्रथम वीजपुरवठा खंडित करावा. बाहेरची जमीन संपृक्त असताना सर्व पाणी एकदम उपसू नये. आतील प्रतिदाब नाहीसा झाल्याने भिंत ढासळण्याचा किंवा तळ उचलला जाण्याचा धोका असतो.

खासगी उपाय, सामाजिक खर्च

एका घराने पंपाने उपसलेले पाणी रस्त्यावर सोडल्यास ते शेजाऱ्याच्या पायाशी मुरू शकते. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, यालाच अर्थशास्त्रात ‘ऋण बाह्यता’ म्हणतात. जोधपूरचा अनुभव अधिक व्यापक आहे. तेथे कालव्याचे पाणी आल्यानंतर जुन्या विहिरी व बारवांतील उपसा घटला, भूजल वर चढले आणि जुन्या शहरातील तळघरांत पाणी शिरू लागले. अशा वेळी एकेका घराचा पंप अपुरा ठरतो.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार निश्चित प्रवाहमार्ग नसलेले आपल्या जमिनीखालील पाणी घेण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकास आहे. भूजल मात्र मालकीच्या सीमा पाळत नाही. ही विसंगती दूर करण्याच्या दिशेने उत्तर प्रदेशाने २०१९ मध्ये भूजल व्यवस्थापन व नियमन अधिनियम केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत सात राज्यांची निवड झाली. त्यांत उत्तर प्रदेश व महाराष्ट्र यांचा समावेश होता.

पुढील दिशा

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार तळघराच्या भिंती व तळ जलरोधक असावेत आणि पृष्ठभागावरील पाणी आत शिरू नये. तथापि स्थानिक नियमांत समावेश झाल्याशिवाय ही संहिता बंधनकारक ठरत नाही. भिंतीची बाहेरची बाजू बांधकामाच्या वेळीच खुली असते. नंतर तेच अस्तर देण्यासाठी पुन्हा खोदाई करावी लागते. त्यामुळे तपासणीची योग्य वेळ नकाशा मंजुरी व पायाभरणी हीच होय.

८५० मिलिमीटर पाऊस धरल्यास १०० चौरस मीटर छतावरून, २० टक्के घट वजा जाता, वर्षाला सुमारे ६८,००० लिटर पाणी मिळते. पायाशी मुरल्यास ते हानिकारक ठरते. टाकीत साठवल्यास किंवा इमारतीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस पुनर्भरण केल्यास तेच उन्हाळ्याचा आधार बनते. पाणी कोठे मुरावे याचा निर्णय घर, शेजार आणि नगरपालिका यांनी एकत्रितपणे घेणे, हाच पाझर आणि टंचाई या दोहोंवरील सामाईक उपाय आहे.